तीन पिनांचा प्लग

मनीषनगर, नागपूर
गुरुवार, २० फेब्रुवारी २०२५

ती. दामिनीताईस,
सुशीलचा नमस्कार.

पुण्यात तुम्ही सगळे बरे असाल. इकडे मी आणि गोपिका ठीक आहोत. थंडी गेलीच म्हणायची, दुपारी पंखा लावावा लागतो.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर तू ऑफिसच्या घाईत असतेस आणि मी भलतंच काही बोलून बसतो. लिहिताना माणूस जरा थांबून लिहितो.

गेल्या रविवारी खाप्याला जाऊन आलो. काकांच्या हाताची जखम भरली आहे. उजव्या हाताची दोन बोटं अजून नीट वळत नाहीत, पण रबरी चेंडू दाबायचा व्यायाम ते करतात. कुसुमताई शेजारून दोन्ही वेळचं जेवण आणून देतात. तब्येतीची काळजी नाही. काळजी दुसरीच वाटली. मी तासभर बसलो होतो, तेवढ्यात ते गॅसचं बटण बघायला तीनदा आत गेले. चहा कुसुमताईंनी केला होता, तोही त्यांच्या घरी. मी म्हटलं, काका, गॅस तर पेटवलाच नाही आज. तर म्हणाले, "मले भरोसा नाही राहिला गा सोताचा." बाजारातही जात नाहीत. दाढी वाढली आहे. ज्या माणसानं उभ्या खाप्याचे लग्नाचे फोटो काढले, तो ओट्यावरून खाली उतरायला कुसुमताईंना विचारतो.

तू ८ मार्चला येऊन त्यांना कायमचं पुण्याला नेणार आणि खाप्याचं घर विकायचं बोलणं झालं, हेही त्यांनीच सांगितलं. लेक म्हणून तू चुकते आहेस असं मी म्हणणार नाही. पण ताई, एवढी घाई करू नकोस. एका प्रसंगावरून माणूस विसरभोळा ठरवू नये. पंच्याहत्तरीला आलेल्या माणसाला त्याच्या गावातून उचलायचं, तेही त्याचं डोकं चालत नाही असं त्यालाच पटवून, हे बरं नाही.

तू डिसेंबरातले काका पाहिले नाहीस, म्हणून सांगतो. स्टुडिओ बंद केल्यावर फिल्मवरून फोटो मोठे करून छापायचा तो एनलार्जर त्यांनी तरटात गुंडाळून माळ्यावर टाकला होता. दिवाळीत मी तो मागितला. घरीच फिल्म धुवायची, घरीच फोटो छापायचे, असं माझ्या मनात फार दिवसांपासून होतं. काका म्हणाले, "ने, पण मी शिकवल्याबिगर हात लावू नको." मग दर रविवारी खाप्याहून सावनेरमार्गे दोन बस बदलून माणूस मनीषनगरात हजर. लेन्सवर बुरशी धरली होती, ती त्यांनी कापसाच्या बोळ्यानं दोन रविवार बसून काढली. एनलार्जरचा कातडी भाता उंदरांनी कुरतडला होता. गोपिकाच्या जुन्या छत्रीचं काळं कापड त्याला आतून चिकटवलं. वर-खाली करायचा दांडा गंजून बसला होता, तो रॉकेलमध्ये भिजवून मोकळा केला. मागच्या न्हाणीघराच्या खिडकीला काळा कागद लावला, लाल दिवा बसवला. काका ट्रे मांडायचे, पाण्यात बोट बुडवून गरमी सांगायचे, मला वेंधळा म्हणायचे. वीस वर्षांनी लहान दिसत होते.

१२ जानेवारीचं तुला माहीतच आहे. करंट लागायचा तो लागला. त्यावर नव्यानं काय लिहू?

तेवढा विचार कर. भाऊजींना नमस्कार.

तुझा भाऊ,
सुशील

•

मनीषनगर, नागपूर
गुरुवार, २७ फेब्रुवारी २०२५

ती. दामिनीताईस,
नमस्कार.

पत्र मिळाल्याचा तुझा मेसेज सोमवारी आला. तू लिहिलंस, "तुझा जीव आहे बाबांवर, हे मला कळतं. पण ओल्या हातानं मशीन धरणारा माणूस एकटा ठेवता येत नाही. तुझा यात काही दोष नाही."

तिसरं वाक्य मी तीन दिवस वाचतो आहे. काल शिवरात्रीची सुट्टी होती, दिवसभर घरीच होतो. चार वेळा कागद घेतला आणि चार वेळा फाडला. हा पाचवा आहे.

दोष माझा आहे. काकांचे हात ओले नव्हते.

आता सगळं ओळीनं लिहितो. मध्ये थांबलो तर परत खोटं लिहीन.

एनलार्जरची वायर जुनी होती, वरचं कापड कुजलेलं. ती बदलायचं काम माझं होतं. मी आयटीआयत पोरांना वायरमनचं काम शिकवतो, त्यामुळे काका त्यात पडले नाहीत. फक्त पहिल्याच रविवारी म्हणाले होते, "याचं आंग लोखंडाचं हाय. अर्थिंग लावल्याबिगर चालू करायचं नाही." मी हो म्हटलं. घरात दोन तारांची वायर पडून होती. तीन तारांची आणायला बाजारात जावं लागणार होतं. १२ तारखेचा रविवार ठरला होता, फोटोचा कागद आला होता, रामटेकला काढलेली माझी पहिली फिल्म धुऊन तयार होती. मी दोन तारांचीच वायर लावली. पुढे तीन पिनांचा प्लग बसवला. अर्थिंगची पिन नुसतीच होती, तिला आतून काही जोडलेलं नव्हतं. बाहेरून बघणाऱ्याला कळणार नाही. पुढच्या आठवड्यात बदलू, असं मनात म्हटलं.

त्या दिवशी चालू करण्याआधी काकांनी प्लग पाहिला आणि मला विचारलं, "अर्थिंग लावलं का?"

मी म्हटलं, "लावलं, काका."

का म्हटलं, ते अजून मला सांगता येत नाही. लाज वाटली असेल. वीस वर्षं हेच शिकवणारा मी, आणि साधी वायर आणली नाही, हे त्यांच्यासमोर कबूल करायचं नव्हतं. शिवाय पहिला फोटो त्याच दिवशी हवा होता. त्यांच्या तोंडून "जमलं" ऐकायचं होतं.

पहिला फोटो काळपट आला. दुसरा बरा आला, त्यात गडावरच्या पायऱ्या दिसायला लागल्या. काकांनी तो चिमट्यानं, फोटो पक्का करणाऱ्या हायपोच्या ट्रेमध्ये टाकला. त्यांचे हात ओले झाले होते. मग त्यांनी खांद्यावरचा टॉवेल घेतला, दोन्ही हात पुसले. बोटांच्या मधली जागासुद्धा पुसली. चाळीस वर्षांची सवय आहे ती. मी लाल दिव्यात हे समोर उभा राहून पाहिलं. त्यानंतर ते एनलार्जरकडे वळले आणि दांड्याला हात घातला.

वरच्या दिव्याच्या उष्णतेनं होल्डरमागचं जुनं आवरण तडकलं होतं आणि करंटची तार लोखंडाला टेकली होती. अर्थिंग असतं तर फ्यूज उडाला असता. अंधार झाला असता, काकांनी मला शिव्या घातल्या असत्या, एवढंच. नव्हतं, म्हणून त्यांचा हात तिथेच चिकटला. तोंडातून आवाज निघत नव्हता. मी बाहेर पळालो, मेन स्विच पाडला. परत आलो तेव्हा ते खाली पडलेले होते आणि ट्रेमधलं पाणी त्यांच्या अंगावर सांडलं होतं. त्यामुळे दवाखान्यात नेलं तेव्हा हात ओलेच होते.

डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? मी म्हणालो, "हात ओले होते, तसंच पकडलं." कोणी मला हे बोलायला लावलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गोपिका डबा घेऊन दवाखान्यात गेली, तेव्हा मी बाजारात जाऊन तीन तारांची वायर आणली आणि एनलार्जरला लावली. संध्याकाळी तू पुण्याहून आलीस. मला विचारलंस, "अर्थिंग होतं ना रे?" मी स्क्रू काढून तुला प्लग उघडून दाखवला. अर्थिंगची हिरवी तार जागेवर होती. तू मान हलवलीस आणि पदरानं डोळे पुसलेस. मी तुला पाणी आणून दिलं.

आणि काका. तिसऱ्या दिवशी त्यांना नीट बोलता यायला लागलं, तेव्हा पहिला प्रश्न हाच होता. "सुशील, मी हात पुसले नाही का गा?" मी त्यांच्या पलंगाजवळ बसून म्हटलं, "नाही, काका." ते म्हणाले, "मले तं पुसल्यासारखं आठवते." मी म्हटलं, "धक्क्यानं असं होते." त्या दिवसापासून ते गॅसचं बटण तपासतात.

तू त्यांना नेते आहेस ते डॉक्टरांना आणि काकांना सांगितलेल्या माझ्या या दोन वाक्यांवरून. घरही त्यावरूनच जातं आहे. काकांना काही विसरायला झालेलं नाही. त्यांना बरोबर आठवत होतं.

हे पत्र गोपिकाला वाचून दाखवलं. तिलाही आजच कळलं. ती उठून आत गेली, बराच वेळ आली नाही. आली तेव्हा पाकीट आणि पेन घेऊन आली आणि तुझा पत्ता तिनंच लिहिला. माझ्याशी बोलली नाही.

येत्या रविवारी खाप्याला जाऊन काकांना तोंडावर सांगणार आहे. खरं तर आधी त्यांना सांगायला हवं होतं. पण तिथे बसल्यावर मी पुन्हा कच खाईन, म्हणून आधी तुला लिहिलं. आता हे पत्र गेल्यावर मला मागे फिरता येणार नाही. तुला पोलिसात जायचं असेल तर जा. हे पत्र दाखव, माझीच सही आहे.

सुशील

•

मनीषनगर, नागपूर
बुधवार, ५ मार्च २०२५

दामिनीताई,

तू उत्तर दिलं नाहीस, द्यावंस असंही नाही. काय झालं ते तुला माझ्याकडूनही कळावं, म्हणून लिहितो.

रविवारी अकराच्या सुमारास पोचलो. काका ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. कुसुमताई बाजूला मेथी निवडत होत्या. मी उभ्यानंच म्हटलं, "काका, त्या दिवशी तुम्ही हात पुसले होते."

"काय म्हणतं?"

"एनलार्जरले हात लावायच्या आधी. टॉवेलनं. मी पायलं होतं."

"मंग करंट काहून लागला?"

"अर्थिंग नव्हतं."

"मी तुले इचारलं होतं."

"हाव."

"तू लावलं म्हणून सांगतलं होतं."

"हाव, काका."

"दामिनीले प्लग उघडून दाखवला मने."

"ते मंग लावलं. दुसऱ्या दिवशी."

कुसुमताईंचा हात थांबला होता. काका ओरडतील, मारतील, असं वाटलं होतं. मला ते चाललं असतं. त्यांनी आपला उजवा हात उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला, जसा कोणा दुसऱ्याचा असावा. मग हळूच म्हणाले, "दीड महिना मी झोपताना रोज आठवून राहिलो. टॉवेल खांद्यावर होता का नाही. रोज."

एवढं बोलून आत गेले. मी तिथेच उभा राहिलो. बस म्हणायला कोणी नव्हतं. अर्ध्या तासानं ते धुतलेला सदरा घालून बाहेर आले, चपला घातल्या आणि कुसुमताईंना म्हणाले, "मी दाढी करून येतो." ओट्याच्या पायऱ्या एकटे उतरले आणि माझ्या बाजूनं निघून गेले. मी तिथे नाहीच, असे. गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत कुसुमताई पाहत होत्या. मग मला म्हणाल्या, "जा आता तू." मी निघालो.

सोमवारी त्यांचा फोन आला. तुझ्याशी बोलणं झालं, घर विकायचं नाही, होळीला तुम्हीच सगळे खाप्याला या, हे तू त्यांच्याकडून ऐकलंच आहेस. मला म्हणाले, "तुयं काय करायचं ते मी अजून ठरवलं नाही. ठरवलं का सांगीन. तवरिक इकडे येऊ नको." मी बरं म्हटलं. फोन ठेवणार, तेवढ्यात म्हणाले, "आन् माया एनलार्जर पाठवून दे. तू लावलेली वायर काढून पाठव. वायर मी सोता आणून लावीन. बोटं नाही चालली तं सांगून लावून घेईन, पण तुयाकडून नाही."

काल सुट्टी टाकून त्याची वायर काढली. लेन्स वेगळी कापसात बांधली, भात्यावर पुठ्ठा लावला, बाकी सगळं तरटात गुंडाळलं. आज सकाळी ओळखीच्या गाडीवाल्याबरोबर खाप्याला रवाना केलं. गोपिकानं सामान खाली उतरवायला हात लावला. माझ्याशी कामापुरतं बोलायला लागली आहे.

दुपारी कुसुमताईंच्या फोनवरून मेसेज आला, "पोचलं." तो त्यांनी आपणहून लिहिला, का काकांनी लिहायला सांगितला, ते कळायला मार्ग नाही. मी विचारलं नाही.

वर्गात या आठवड्यात अर्थिंगचाच धडा आहे. दोन दिवस पुढे ढकलला. उद्या घ्यावाच लागेल. काय झालं होतं आणि कोणी केलं होतं, ते पोरांना सांगूनच सुरुवात करणार आहे.

माफ कर, असं या पत्रात मी कुठे लिहिलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. सोमवारपासून लिहून खोडतो आहे. ज्यांच्याकडे आधी मागायची, त्यांनी येऊ नको म्हणून सांगितलं आहे. त्यांच्या आधी तुझ्याकडे मागणं बरोबर नाही.

स्वतःची लाज झाकायला तुझ्या वडिलांना सेहेचाळीस दिवस त्यांच्याच डोक्यावर शंका घ्यायला लावणारा,
सुशील