एका रेषेतली दारं

लामू,
शुक्रवार, २ ऑगस्ट १९७४

धाकट्या तिमाला थोरल्या शेखाचा सलाम.

इथे सगळे बरे आहोत. तुम्ही दोघंही मोंबासाला बरेच असणार. तुझी लेक झुहुरा परवाच्या होडीने सुखरूप पोचली. दक्षिणेचा वारा जोरात आहे, त्यामुळे पोरीला होडी लागली. पण उतरल्या उतरल्या नारळाचा भात मागून घेतला. तिचं लग्न रमजानच्या आधी उरकायचं म्हणून मुलाकडचे घाईत आहेत. नवरदेव म्हणे स्वतःची टोपी स्वतःच शिवतोय. शिवू दे, पुढे उपयोगी पडेल.

तुझ्या घराचं काम झालं. तू लिहिलं होतंस, "ताई, आतल्या भिंती ओलीने पोखरल्यात, पाडून नव्या बांधून घे. दारं तुला वाटतील तिथे ठेव, अब्बांची रीत तुला माझ्याहून जास्त ठाऊक." ठाऊक आहेच. अब्बा एका दारासमोर दुसरं दार कधी येऊ द्यायचे नाहीत. गल्लीतलं दार सताड उघडं राहिलं, तरी ओट्यावर बसलेल्याला समोर भिंतच दिसली पाहिजे. बायकांचं घर बायकांपुरतं राहावं म्हणून. याच हिशेबाने त्यांनी आपल्या दोघींना ही लागून लागून घरं दिली आणि मधल्या भिंतीत ते छोटं दार ठेवलं. मिठाच्या चिमटीसाठी पोरींना गल्लीत उतरायला लागू नये, म्हणायचे.

कोंबो गवंड्याने मात्र फार डोकं खाल्लं.

"शेखाबाई, हे दार हातभर डावीकडे घेतो."

"नको. पहिल्याच्या बरोबर समोर."

"अहो, मग ओट्यावरून थेट आतला पलंग दिसेल! घर बांधतोय की दुर्बीण?"

"दुर्बीणच समज."

"तुमचे अब्बा कबरीतून उठून माझा कान धरतील."

"त्यांना माझं नाव सांग. आणि चुना पातळ करू नकोस, बघतेय मी."

आठवडाभर तो तोंडातल्या तोंडात पुटपुटत होता, पण बांधलं झकास. गल्लीतलं दार, ओसरीचं, बैठकीचं, तुझ्या निजायच्या खोलीचं, सगळी एका रेषेत आली. काल मी मुद्दाम बाहेर ओट्यावर बसून पाहिलं. तुझी उशीसुद्धा दिसते.

आता तुला राग आला असेल. येऊ दे. मला कितीदा आला, तुला कुठे कळलं?

आथुमानने मला तलाक दिला, तेव्हा गावातल्या बायका काय म्हणाल्या माहीत आहे? शेखाची जीभच तिखट, नवरा टिकणार कसा. आणि वर्ष उलटून तू त्याच्याशी निकाह लावलास, तेव्हा त्याच बायका म्हणाल्या, बिचारी विधवा तिमा, बरं झालं, आधार मिळाला. आणि किती रीतसर, मधे चांगलं वर्ष जाऊ दिलं! आत्या तर माझ्याच घरी माझाच हलवा खात म्हणाली, "बहिणीकडून शीक जरा." मी तिला आणखी हलवा वाढला.

त्या छोट्या दाराची बिजागरी आठवते? केवढी कुरकुरायची. तू आलीस की मी चुलीपासूनच ओरडायचे, ये गं तिमे. मग एकाएकी ती कुरकुर थांबली. मला वाटलं, पावसाने लाकूड फुगलं असेल. पुढे एकदा आथुमानचा सदरा धुवायला घेतला, तर बाहीला तेल आणि गंज. जो माणूस लग्न झाल्यापासून माझ्या घरात एक खिळा ठोकायला उठला नाही, त्याने बायकांच्या दाराला तेल घातलं होतं. तेव्हा मी त्याची बायको होते, तिमा. तलाक पुढे कितीतरी महिन्यांनी झाला.

ते भोक मी आता दगडचुन्याने बुजवलंय. दार मात्र फेकलं नाही, अब्बांच्या हातचं आहे. तेच तुझ्या निजायच्या खोलीला बसवलं. बिजागरीवर रोज समुद्राचं पाणी ओतते. छान गंजलीय. उघडताना अशी किंचाळते की काल गल्लीतलं गाढव बिथरलं. आता आथुमान तुझ्या खोलीत जाईल, तेव्हा साऱ्या गल्लीला कळेल. माझ्या वेळी कुणालाच कळलं नव्हतं.

झुहुराची काळजी करू नकोस. तिला यातलं काही माहीत नाही, माझ्याकडून कळणारही नाही. पण नवरीला बसवायचं तर परक्याची नजर पडणार नाही अशी आतली खोली लागते, आणि तुझ्या घरात आता आतली खोलीच उरली नाही. भिंती पुन्हा पाडायला दिवसही उरले नाहीत. म्हणून ती माझ्या घरात बसेल, माझ्या घरातून निघेल. मेंदी लावणारी बोलावलीय.

आईने नवरीजवळ बसायचं असतं. तेव्हा तू येशीलच. मधला रस्ता बंद झालाय, म्हणजे गल्लीतून यावं लागेल, ओट्यावरच्या सगळ्या बायकांसमोरून. आत्या पुढेच बसलेली असेल. मी उंबऱ्यात उभी असेन आणि सगळ्यांदेखत एकच विचारीन: तिमा, त्या दाराची कुरकुर कधी थांबली?

खरं सांगितलंस तर आत ये, लेकीच्या हाताला हात लाव. नाही सांगितलंस तर ओट्यावर बसून लग्नाची गाणी ऐक.

येताना बिजागरीसाठी तेल आणू नकोस. या घरात आता कुणी तेल घालायचं नाही.

या वेळी पुढच्या दाराने ये, आणि ठोठावून ये.

तुझी वाट पाहत उभी,
शेखा