आबांनी आवाज घालवला

आबा,

तुमचा डोळा लागला होता, उठवलं न्हाय. खरं सांगायचं तर तुमच्या तोंडाकडं बघवंना. मी सोलापूरला दवाखान्यात चाललोय. वैष्णवी अजून शुद्धीवर न्हाय. भाकरी झाकून ठेवलीय, खावा.

ही जुनी गाडी घेतल्यापासनं ब्रेक वाजत होता. पॅड बदलले, चाकं उघडून धूळ झाडली, तरी आवाज जाईना. मग परवा तुम्ही म्हणाला, "आता वाजणार न्हाय." अन् खरंच वाजला न्हाय. तुम्ही काय केलं ते आमी दोघांनी विचारलंच न्हाय.

घाटातनं ओढून आणलेली गाडी मिस्त्रीनं आज उघडली. चारी चाकांत तेल. बैलगाडीच्या आसाला घालता तेच. आबा, आस तेलानं गप बसतो, पण ब्रेकला तेल लागलं की तो धरतच न्हाय.

मिस्त्रीला म्या गप राहायला सांगितलंय. तिच्या माहेरचे आले तर ब्रेक जुना होता, एवढंच बोला. तेलाची बाटली गोठ्यातनं काढलीय, हुडकू नका.

काल गाडीत बसताना ती हसून म्हणाली होती, "आबांच्या हाताला गुण हाय."

योगीराज