तिसऱ्या ओळीपासून पुढे

सोलापूर
श्रावणी सोमवार, १८ ऑगस्ट २०२५

प्रिय हारून,

सप्रेम नमस्कार. मेहनाजवहिनींना आमच्या दोघांचा नमस्कार, मुलांना आशीर्वाद. सिद्धेश्वरीच्या गुडघ्याला आता आराम आहे. शिवानी पुण्यात नोकरीला लागली. तुझं मोहोळचं दुकान बरं चाललं असेल.

फोन करता आला असता. पण फोनवर तू मध्येच "ऱ्हाऊ द्या की अण्णा" म्हणशील आणि मी तेवढ्यावर सुटेन. म्हणून लिहितो आहे.

त्या मंगळवारी सकाळी मी काय काय केलं ते आधी सांगतो. येत्या महिन्यात दोन वर्षं होतील, तरी मला सगळं क्रमाने आठवतं. पहाटे लिंगपूजा केली. भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा घेतला. पावणेदहाला वाचनालय उघडलं, संग्रहाच्या खोलीत उदबत्ती लावली आणि संगणक सुरू केला. ओव्या आणि गाण्यांच्या संग्रहाची दुसरी प्रत काढायची होती, पण डिस्कवर जागा नव्हती. म्हणून बिघडलेल्या, अर्धवट रेकॉर्डिंगचा 'कच्चं' नावाचा फोल्डर रिकामा करायचा, एवढंच काम होतं.

तू शिकवलं होतंस तसं वहीत बघून करत होतो. काळ्या खिडकीत एक आज्ञा टाइप करायची आणि झाली की वहीतल्या त्या ओळीपुढे पेन्सिलीने खूण करायची. पहिली ओळ, 'जागा' या व्हेरिएबलमध्ये, म्हणजे त्या नावाच्या कप्प्यात, त्या फोल्डरचा पत्ता भरायचा. दुसरी ओळ, जागा म्हणजे काय ते संगणकाला विचारून बघायचं. ही ओळ तू तुझ्या हाताने मध्ये घातली होतीस. "पुसायच्या आधी इचारायचंच, अण्णा. त्याला इचारायला कसली लाज? ते काय तुमचं व्याही हाय?" असं म्हणून हसला होतास.

मी विचारलं. पत्ता बरोबर आला. दोन्ही ओळींपुढे खुणा केल्या आणि वीज गेली.

वीस मिनिटांनी आली. संगणक पुन्हा सुरू केला, खिडकी उघडली आणि तिसऱ्या ओळीपासून पुढे सुरुवात केली. श्रावणात पोथी वाचताना दारात कुणी आलं तर मी पानात खूण ठेवून उठतो आणि परत बसलो की तिथूनच पुढे वाचतो. आधीचं वाचन वाया गेलं असं कधी मनात येत नाही. इथेही तसंच केलं. तिसरी ओळ, त्या जागेत जा. चौथी ओळ, तिथलं सगळं पूस. संगणक काही बोलला नाही. चारही खुणा झाल्या. वही मिटून मी टपाल आणायला गेलो.

तू अकराला आलास. आल्याबरोबर रोजच्यासारखी स्क्रीनवरची कचरापेटी रिकामी केलीस आणि मग संग्रह उघडलास. चारशे बारा रेकॉर्डिंग. करकंबपासून अक्कलकोटपर्यंत पाच वर्षं तू माझ्या गाडीवर मागे बसून रेकॉर्डिंगचं यंत्र पोटाशी धरून हिंडलास. त्यातलं काहीच नव्हतं. मी परत आलो तेव्हा तू जमिनीवर बसला होतास.

"अण्णा, कचऱ्यात काय गेलं माज्या हातनं? बघितलंच न्हाय की मी. न बघताच रिकामी केली."

तेव्हा मला खरोखर ठाऊक नव्हतं. माझ्या बाजूने सांगण्यासारखं एवढंच आहे.

शनिवारी खोलीत मी एकटाच होतो. मनात काहीतरी सलत होतं. जुन्या संगणकावर खिडकी उघडली, जागा भरली, विचारलं. पत्ता आला. खिडकी बंद केली, पुन्हा उघडली, पुन्हा विचारलं. उत्तरात रिकामी ओळ. असं सहा वेळा केलं. एका खिडकीत भरलेलं तिच्याबरोबरच जातं, नवीन खिडकीला त्याचा पत्ता नसतो. आणि कुठे जायचं ते रिकामं असलं तर 'जा' ही आज्ञा अडत नाही, तक्रार करत नाही, सरळ आपल्या मूळ फोल्डरमध्ये जाते. त्याला संगणकात घरच म्हणतात. आपला सगळा संग्रह तिथे होता. मंगळवारच्या संगणकावर दिलेल्या आज्ञांची यादी राहते, तीही मी बघितली. 'जा' आणि 'पूस' या दोन ओळी तिथे होत्या. त्यांच्या आधी जागा भरल्याची ओळ नव्हती, ती विजेबरोबरच गेली होती.

म्हणजे रविवारच्या बैठकीत बसलो तेव्हा मला सगळं माहीत होतं, हारून.

अध्यक्ष ईरप्पासाहेबांनी विचारलं, "शेवटी संगणकावर कोण होतं?" तू हात वर केलास. ते सगळ्यांना लगेच पटलं. इतकं लगेच का पटलं, ते तुलाही समजलं आणि मलाही. वही माझ्या पिशवीत होती. मी तांब्यातलं पाणी ओतून घेतलं आणि प्यालो. शिवानीचं शिक्षण, माझी अठरा वर्षांची नोकरी, या वयात दुसरीकडे कोण घेणार. ही कारणं खोटी नव्हती. पण त्या खुर्चीत तू एकटा पडलास आणि मी शेजारीच होतो.

अम्मींबद्दल लिहायचं टाळत इथवर आलो.

तुमच्या घरी रेकॉर्डिंगला बसलो तेव्हा माईककडे बघून त्या म्हणाल्या होत्या, "गुरु, ये डंडा काटता तो नहीं ना?" मग दळणाची अकरा दखनी गाणी म्हटली. मध्येच तुझ्यावर ओरडल्या, "हारून, पंखा बंद कर रे, मेरा गाना उडको जारा!" तेही त्यात होतं, तुझं हसूही होतं. सहा महिन्यांनी त्या गेल्या. त्यांचा आवाज दुसरा कुठेच नव्हता. पुसलेलं परत काढून देणाऱ्या पुण्याच्या माणसाने काहीच निघत नाही म्हणून डिस्क परत पाठवली, त्या दिवशी तू मला म्हणालास, "तुमी जेवला का अण्णा?"

यंदा एप्रिलमध्ये मोहोळच्या स्टँडवर भेटलास. ओढून चहाला नेलंस. टपरीवाल्याला ओरडून सांगितलंस, "यांच्यात साखर कमी रे, बीपी हाय आमच्या अण्णाला." आणि चहा संपताना, माझ्याकडे न बघता म्हणालास, "अम्मीच्या कबरीवर जात न्हाय मी. कुठल्या तोंडानं जाऊ? तिचा आवाज मीच पुसला की."

मी कप खाली ठेवला. एस.टी. आली म्हणून उठलो. आजवर मी समजत होतो की माझ्यामुळे तुझी नोकरी गेली. पोटापाण्याचं तर तू दुसरं उभं केलंस. पण तू आईकडे जाणं सोडलंस, तेही माझ्यामुळे. त्या दिवसापासून सकाळी तळहातावर लिंग घेतो आणि डोळे मिटूनच पूजा उरकतो. एरवी त्याच्याकडे एकटक बघायचं असतं, पण आता डोळे उघडे ठेवून बसवत नाही.

तुझ्याकडे क्षमा मागत नाही. मागितली तर तू देशील, हे ठाऊक असताना मागणं म्हणजे आणखी एकदा तुझ्याकडून घेणं. तू फक्त एवढं मनात पक्कं कर. त्या दिवशी तुझ्या हातून काहीही पुसलं गेलं नाही. अम्मींचा आवाज तू येण्याआधीच गेला होता, आणि तो मी घालवला.

काल कार्यकारिणीची बैठक होती. मी वही, आज्ञांची छापील यादी आणि माझा लेखी जबाब टेबलावर ठेवला. ईरप्पासाहेबांनी वाचला आणि चष्मा काढला. "गुरुसिद्धप्पा, दोन वर्षं झाली. हारून त्याच्या कामाला लागला. आता हे उकरून कुणाचं भलं होणार?"

म्हटलं, "त्याला आईच्या कबरीवर जाता येईल."

मी इतिवृत्ताचं पुस्तक मागितलं. तुझ्यावरचा ठपका रद्द करून तो माझ्या नावावर घेतल्याचा ठराव चिटणिसांना लिहायला लावला, सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला लावला, मग खाली सही केली. शिक्क्याची प्रत या पत्रासोबत आहे. राजीनामा दिला, किल्ल्या दिल्या आणि चालत घरी आलो.

ज्याच्या हातून पुसलं गेलं, तो
गुरुसिद्धप्पा