वारलूच्या नावे चौथा अल्बम

मी, प्रफुल देवराव निमगडे, वय त्रेपन्न, धंदा मोटार वाइंडिंग, राहणार मूल, जिल्हा चंद्रपूर, हे मृत्युपत्र माझ्या दुकानावरच्या खोलीत बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. पोटातला आजार यकृतापर्यंत गेला आहे असं नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं. डोकं शाबूत आहे. कोणी धाक घालून किंवा गोड बोलून माझ्याकडून हे लिहून घेतलेलं नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. माझ्या नावाचं एखादं निघालंच तर ते खोटं समजावं.

१. राहतं घर, खालचं दुकान सोडून, माझी पत्नी उर्वशी हिला मिळावं. ती असेपर्यंत घर विकण्याचा विषय मुलाने काढू नये. दर रविवारी वरच्या खोलीत आमची मंडळी राखड या बँडवरून भांडायची आणि ही खालून चहा पाठवायची. तिला त्यातलं एकही गाणं आवडलं नाही. तरी चहा कधी चुकला नाही.

२. बँकेत आणि विम्यात जे असेल ते उर्वशी आणि मुलगा निकेश यांनी निम्मं निम्मं घ्यावं. यावर जास्त लिहीत नाही.

३. दुकान, त्यातली वाइंडिंगची यंत्रं, इन्सुलेशन तपासायचा मेगर, तांब्याची तार आणि गिऱ्हाइकांच्या दुरुस्तीला आलेल्या मोटारी परत करण्याची जबाबदारी, हे सगळं माझा मित्र वारलू सिडाम, मूळ राहणार तालुका जिवती, याला द्यावं.

वारलू कोण, हे निकेशच्या मुलांना माहीत नसेल म्हणून लिहितो. चंद्रपूरच्या आयटीआयच्या वसतिगृहात आमच्या खाटा शेजारी होत्या. पुढे वीज केंद्राच्या वसाहतीतल्या तीन पोरांनी तिथल्या राखेचंच नाव देऊन राखड काढला, तेव्हा त्यांच्या पहिल्या कार्यक्रमाला आम्ही दोघं सायकलने गेलो. ते सिनेमातलं नव्हतं, भजनातलं नव्हतं. गिटार कण्हत होती आणि एक पोरगा आमच्याच बोलीत कोळशाच्या धुळीबद्दल गात होता. आज नागपूर-पुण्याची पोरं असं गातात. तेव्हा कोणी गात नव्हतं. 'बी शिफ्ट', 'रोपवे', 'सायडिंग' असे त्यांचे तीन अल्बम निघाले. वारलूचा आवडता 'रोपवे', माझा 'सायडिंग'. यावरून आम्ही बसथांब्यावर, लग्नाच्या पंगतीत, माझ्या स्वतःच्या लग्नाच्या वरातीतही भांडलो आहोत.

वारलू जिवतीच्या डोंगरात परत गेला तेव्हा मला करमेना. त्याला इकडे आणावं म्हणून मी माझा साळा पत्रू याच्या दगड फोडायच्या गिट्टी क्रशरवर त्याला कामाला लावलं. आमचा रविवार परत सुरू झाला. क्रशरचा आवाज मी जाऊन ऐकला होता. वारलूच्या कानातले कापसाचे बोळे पाहिले होते. "सवय होते," असं मीच त्याला म्हणालो. काही वर्षांत त्याचे कान गेले. कानाला मशीन लावलं की माणसाचं बोलणं थोडंफार कळतं, बाकी तो ओठ वाचतो. पण गाणं म्हणजे त्याला टिनावर खडे ओतल्यासारखं येतं. मग मी त्याला क्रशरवरून काढून माझ्या दुकानात आणलं. वाइंडिंगला त्याच्यासारखा हात मूलमध्ये नाही.

४. साळा पत्रू याला काही देऊ नये. मात्र त्याच्याशी माझा जो अबोला आहे तो मी इथे मागे घेतो. सगळा दोष त्याच्या क्रशरवर टाकला की मला बरं वाटायचं, एवढ्यासाठीच तो अबोला मी इतकी वर्षं सांभाळला.

५. राखडच्या सर्व कॅसेट, सीडी, पोस्टर, ॲम्प्लिफायर आणि दोन्ही स्पीकर वारलू सिडाम याला द्यावेत. निकेशने फोनवर विचारलं, "बाबा, ज्याले ऐकूच येत नाई त्याले स्पीकर कायले देता?" त्याचं उत्तर पुढे आहे.

वारलूचे कान गेल्यावर राखडचा चौथा अल्बम आला, 'चिमणीखाली'. पहिल्या रविवारी आमच्यातली रिना मोहुर्ले, शाळेत शिकवते ती, आणि मी तो पूर्ण ऐकला. वारलू आमच्या तोंडांकडे बघत बसला होता. संपल्यावर त्याने विचारलं, "कसा आहे बे?"

मी म्हणालो, "काई नाई. थकले ते पोट्टे. ड्रमवाला झोपेत वाजवून राह्यला. तू काई गमावलं नाई."

रिना माझ्याकडे बघत राहिली. जिन्यात तिने मला अडवलं, "भाऊ, हे बरोबर नाई." मी तिला गप्प बसायला सांगितलं आणि ती माझ्यासाठी गप्प बसली, हेही माझ्याच माथ्यावर. चारही अल्बमांत तो सर्वांत चांगला आहे. हे मी चौदा वर्षं बोललो नाही.

यंदा फेब्रुवारीत चंद्रपूरला राखडच्या चाहत्यांचा मेळावा झाला. कोणता अल्बम सर्वांत मोठा, यावर एकेकाने उठून बोलायचं होतं. निम्मी पोरं विशीतली, आणि जवळपास सगळी 'चिमणीखाली'च्या बाजूची. वारलू उठला. त्याला स्वतःचा आवाज कळत नाही म्हणून तो मोठ्याने बोलतो. "चौथा म्हंजे निस्ता पसारा," तो म्हणाला. "थकले होते पोट्टे. ड्रमवाला झोपेत वाजवून राह्यला." सगळी माझी वाक्यं. सभागृह हसलं. लोक बँडला हसताहेत असं वाटून वारलूही हसला.

चहाच्या वेळी साक्षी नावाची मुलगी, गडचिरोलीत तिचा स्वतःचा बँड आहे, त्याच्यासमोर येऊन सावकाश बोलली, "काका, तुम्ही सोता ऐकला का तो?"

"नाई," वारलू म्हणाला. "माह्या दोस्तानं ऐकला. त्याचा कान म्हंजे माहाच कान."

मी शेजारीच उभा होतो.

आजार कळल्यावर, हे मेल्यानंतर कागदावरून त्याला कळावं असं आधी मनात आलं. ते फारच सोपं होतं. म्हणून दिवाळीच्या आधी, तो कॉइल भरत असताना, त्याच्यासमोर जाऊन बसलो. "वारलू, चौथा अल्बम चांगला आहे. चारहीत चांगला."

ओठ वाचण्यात चूक झाली असं त्याला वाटलं. मी पुन्हा म्हणालो. त्याने कॉइल खाली ठेवली.

"किती चांगला?"

"मी रोज ऐकतो."

"कव्हा?"

"तू घरी गेला का मंग लावतो."

"म्हंजे मी जिना उतरलो का तू तो लावत होता," तो म्हणाला, आणि चप्पल घालून निघून गेला. दुकानात आला नाही, रविवारीही आला नाही. त्याची कॉइल मी तशीच टेबलावर राहू दिली.

मग एका दुपारी तो वर आला. बसला नाही. "मी बहिरा आहे, लहान लेकरू नाई. मले काऊन ठरवू देलं नाई?" क्रशरचा विषय मीच काढला, तर म्हणाला, "ते काम मी पोटासाठी केलं. ते तुह्या डोक्यावर नको घेऊ. हे खोटं बोलला, ते घे." मग खुर्ची ओढली. "आता सांग. पयल्या गाण्यापासून. गोड करून सांगशीन तं उठून जाईन."

मी गाणं लावलं आणि सांगू लागलो. गिटार नाही, नुसता बेस आहे, खूप खाली, सावकाश. "ड्रम कव्हा येते?" त्याने विचारलं. लवकर येत नाही, म्हणालो. तो माझ्या ओठांवर डोळे लावून, मांडीवर बोटांनी ठेका धरून थांबला.

"आता?"

"नाई."

"आता?"

"नाई."

"आता?"

"आता."

तो हसला. मला सुटल्यासारखं वाटेल असं वाटलं होतं, तसं झालं नाही. हे हसू मी चौदा वर्षं अडवून धरलं होतं, एवढंच दिसलं.

तेव्हापासून आम्ही एकेक गाणं घेतो. चार झाली. माझा दम लवकर जातो, आणि वारलू एकेका ओळीवर भांडतो. 'रोपवे'च मोठा, हे त्याचं मत अजून बदललेलं नाही.

६. सर्व गाणी होण्याआधी माझा मृत्यू झाल्यास उरलेली रिना मोहुर्ले हिने याच स्पीकरवर लावून वारलूला सांगावीत. तिला सातवं गाणं आवडत नाही, तसंच सांगावं. माझी मतं तिच्या तोंडी घालू नयेत.

७. वारलूने मला माफ केलेलं नाही, निदान तसं तो म्हणालेला नाही. माझ्या शोकसभेत त्याच्याकडून ते वदवून घेण्याचा प्रयत्न कोणी करू नये. त्याला बोलायचंच असेल तर चौथ्या अल्बमवर बोलू द्यावं, कितीही मोठ्याने, आणि कोणी हसू नये.

वरील मजकूर मी वाचून पाहिला. तो खरा आहे. खालील दोन्ही साक्षीदारांसमोर मी सही केली आणि त्यांनी माझ्यासमोर केली. वारलूला साक्षीदार व्हायचं होतं, पण ज्याला मिळकत मिळते त्याने साक्षीला सही करू नये असं वकिलांनी सांगितलं. तो खुर्ची घेऊन बाजूला बसला आहे आणि पाचवं गाणं कधी सुरू करतो म्हणून विचारतो आहे.

सही: प्रफुल देवराव निमगडे

साक्षीदार:
१) रिना मोहुर्ले, शिक्षिका, मूल
२) नानाजी गुरनुले, राइस मिल चालक, मूल

स्थळ: मूल, जि. चंद्रपूर
दिनांक: १४ डिसेंबर २०२५, रविवार