आप्पा, तुम्ही शेठचे नोकर होता

प्रिय आप्पा,

तुम्हाला कधीच राग कसा आला नाही? तुम्ही गेल्यापासून हा प्रश्न मी स्वतःला विचारते आहे आणि खरं सांगते, उत्तर मला सापडलेलं नाही. या आठवड्यात मी जे केलं ते तुम्हाला मुळीच आवडलं नसतं. म्हणून दुसऱ्या कुणाआधी मीच सांगते.

गोखिवऱ्याच्या तबेल्यात म्हैस गाभडली, दिवस भरण्याआधीच तिने पारडू टाकलं, की हाक तुम्हालाच यायची. मेलेलं पारडू उघड्या हातांनी ओढायचं, वार काढायची, मग त्याच पारडाचं कातडं सोलून त्यात पेंढा भरायचा आणि ते म्हशीपुढे उभं करायचं. ती बिचारी त्याला चाटत पान्हा सोडायची. "आप्पाच्या हातचं पारडू म्हशीला जिवंत वाटतं," असं शेठ पाहुण्यांना सांगायचे आणि तुम्ही लाजून हसायचात! मी म्हटलं, हातमोजे तरी मागा. तर मलाच म्हणालात, "सुमे, मोजे घालून कातडं सुटत न्हाई. कॉलेजात शिकवलं न्हाई वाटतं?"

मग एका हंगामात एकीमागून एक म्हशी गाभडल्या. गुरांचा डॉक्टर आला, रक्त घेऊन गेला. पुढे त्याने शेठना काय सांगितलं, हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही. पण शेठच्या बंगल्यावर पिशवीचं दूध यायला लागलं. स्वतःच्या तबेल्यात दुधाच्या किटल्या भरून वाहत असताना! आईने विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "मोठ्या लोकांचे चोचले."

चोचले नव्हते, आप्पा. त्यांनी नातवंडांना वाचवलं आणि तुम्हाला गोठ्यात पाठवलं.

तुमचा ताप यायचा, जायचा, पुन्हा यायचा. अंथरूण घामाने भिजायचं, कंबर धरून तुम्ही भिंतीला टेकायचात. नाक्यावरच्या डॉक्टरने मलेरियाच्या गोळ्या दिल्या, शेठनी "आता जरा आराम कर" असा सल्ला दिला आणि पुढच्याच म्हशीला हाक मारली. आणि तुम्ही तसेच तापात गोठ्यात गेलातही! मुंबईच्या मोठ्या इस्पितळात एका तरुण डॉक्टरणीने पहिल्यांदा विचारलं, "काका, जनावरांत काम करता का?" ब्रुसेला नावाचा जंतू, गाभडलेल्या म्हशीतून आणि तिच्या कच्च्या दुधातून माणसात येणारा. तोपर्यंत तो हृदयाच्या झडपेपर्यंत पोहोचला होता.

तुम्ही गेल्यावर मी वसईच्या कोर्टाबाहेर एका वकीलबाईंना गाठलं. तेव्हा मला कळलं की जनावरं हाताळण्याच्या कामातून असा आजार झाला, तर कायदा त्याला कामावरच्या अपघातासारखाच धरतो. भरपाई हा बायकामुलांचा हक्क असतो. हक्क, आप्पा! शेठची मेहेरबानी नव्हे. हे तुम्हाला वाचून दाखवायला मला किती उशीर झाला!

"आजाराचा कागद आहे," बाई म्हणाल्या. "पण ते नोकर होते याला पुरावा काय?"

हजेरीपत्रक नाही, पगाराची पावती नाही. शेठ तर सगळीकडे सांगत होते, "आप्पा नोकर कुठला? घरचं माणूस होतं आमचं."

पण बाराव्याला शेठनी नाक्यावर श्रद्धांजलीचा फलक लावला होता, तो मला आठवला. हात जोडलेले शेठ भले मोठे, कोपऱ्यात तुम्ही चिमुकले. तुमचा फोटो माझ्या पदवीदानाचा. मला कापून टाकलं होतं, फक्त माझ्या काळ्या झग्याची बाही उरली होती. खाली लिहिलं होतं, "आमच्या तबेल्याचे वीस वर्षांचे निष्ठावंत सेवक." आणि त्याखाली शेठचं नाव, तुमच्या नावाहून मोठं! निवडणूक जवळ आली होती ना. मिरवायला मेलेला नोकर चालतो, पण भरपाई द्यायची म्हटली की तोच नोकर घरचा होतो. मी त्या वेळी चिडून त्या फलकाचा फोटो काढून ठेवला होता. तो पाहून वकीलबाई खुर्चीत मागे रेलून हसल्या. "अगं, याने तर स्वतःच लिहून दिलंय!"

नोटीस गेली आणि शेठ पहिल्यांदा आपल्या खोलीवर आले. हातात टाइप केलेला कागद. आप्पा कामाला नव्हते, राहायला जागा दिली म्हणून कधीमधी मदत करायचे, असं त्यात होतं.

"सही कर पोरी. खोली तुमचीच राहील. नाहीतर तबेल्याची जागा आहे, मला रिकामी लागेल."

मी आईकडे पाहिलं. तिचं सगळं आयुष्य त्या खोलीत गेलेलं. ती चुलीपुढून उठलीसुद्धा नाही.

"शेठ, घरचं माणूस व्हतं, तर तापात एकदा तरी बघाया का आला न्हाईत?"

"अगं, तेव्हा या वाटेला काय चिखल होता," शेठ म्हणाले.

चिखल! आप्पा, या माणसासमोर तुम्ही वीस वर्षं मान खाली घालून उभे राहिलात?

निकाल काय लागेल, किती वर्षांनी लागेल, ठाऊक नाही. पण प्रत्येक तारखेला मी हजर राहीन, आणि कुणी दरडावलं म्हणून एक शब्दही मागे घेणार नाही. एवढं वचन तुम्हाला देते.

सोमवारी सकाळी आम्ही खोली सोडली. तुळिंजला एका चाळीत भाड्याने जागा घेतली आहे. आईने भांड्यांचं गाठोडं उतरवलं आणि तशीच माझ्याबरोबर ठाण्याच्या कामगार न्यायालयात निघाली. दाव्यावर तिचा अंगठा उठला. 'कामगार' या शब्दापुढे मी तुमचं पूर्ण नाव लिहिलं, आणि 'मालक' या शब्दापुढे त्यांचं.

तुमची,
सुमन