हुबेहूब सत्तावीस नंबर

२२ जून, रविवार

आज पुन्हा डोकं फिरलं. नवीन मालिकेत अशोकवन दाखवलं. झाडाला झुंबर! हो, झाडाला!! आणि हनुमान आला तो तालमीतून नव्हे, जिममधून आलेला. एक वाक्य बोलला की तीनदा तोंड दाखवतात, तिन्ही वेळा वीज कडाडते. सीता म्हणते, "माझा निर्णय मी घेईन." कुठल्या पोथीत आहे हे?

मेघना म्हणाली, "अहो, मग बंद करा ना."

बंद कसा करू! चुका कोण काढणार? वहीत आजपर्यंत एकेचाळीस झाल्या. तीस वर्षं हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये काढली आहेत, नोंद चुकलेली मला सहन होत नाही. बायकोला सहन होतं सगळं.

२४ जून, मंगळवार

मंडळाची मीटिंग. यंदा पंचाहत्तरावं वर्ष, म्हणून देखाव्यावरून नुसता गोंधळ. कुणाला रामसेतू हवा, कुणाला लंकादहन. मग विनीत उठला. माझा दिवटा, यंदा सेक्रेटरी आहे. म्हणाला, "रामायण सगळेच करतात. आपण रामायण बघणारी चाळ दाखवू. रविवार सकाळ, एकच टीव्ही, अख्खा मजला."

मग टाळ्या! हे पोराच्या डोक्यात आलं कुठून? लहानपणापासून माझ्या तोंडून ऐकत आलाय, दुसरं काय.

निवेदन मी लिहायचं ठरलं. भर मीटिंगमध्ये सांगितलं, "एकही गोष्ट खोटी दाखवायची नाही. टीव्हीवाल्यांना जमलं नाही ते आपण करू. हुबेहूब."

६ जुलै, रविवार

चहा घेऊन बसलो आणि लिहीत सुटलो. जुनी चाळ पडून नऊ वर्षं झाली, त्याच जागेवर चौदाव्या मजल्यावर बसून लिहितोय. पण डोळे मिटले की दुसरा मजला, खोली नंबर सत्तावीस. कोंडीरामकाकांची.

संप झाला आणि आमच्या मजल्यावरच्या चुली थंडावल्या. बाबा गिरणीत, शेजारचे गिरणीत, समोरचे गिरणीत, सगळे घरी. कोंडीरामकाका मात्र गोदीत, कॉटन ग्रीनच्या बाजूला. त्यांचा पगार चालू राहिला. मजल्यावर बौद्धांचं ते एकच घर, आणि टीव्हीही त्या एकाच घरात. शटरवाला, ब्लॅक अँड व्हाइट, पुढे निळी काच लावलेली. राम निळा, रावण निळा, बातम्या सांगणारी बाईसुद्धा निळी!

रविवारी नऊला बायका आंघोळी करून, केस पुसत हजर. दाराबाहेर चपलांचा ढीग. कुणीतरी टीव्हीला झेंडूचा हार घालायचं, उदबत्ती लावायचं. वर भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली हार घातलेला टीव्ही. काकांच्या बायको सुंदराकाकी हसायच्या, पण हार कधी काढला नाही. मी आणि विकास कौलांवर. विकास काकांचा मुलगा, माझा वर्गमित्र. अँटेना फिरवायची आणि ओरडायचं, "आलं का?" खालून चाळीस तोंडांनी, "आलं! आलं! — गेलं!"

आई सगळ्यांत पुढे. पडद्यावर काही वेगळं दिसलं की मोठ्यांदा, "हे पोथीत नाय हां!" म्हणजे हा चुका काढायचा रोग मला तिच्याकडून आलाय.

काका आत बसत नसत. गॅलरीत पेपर उघडून पाठ करून बसायचे. जाता-येता आम्हाला म्हणायचे, "शंबुकाची गोष्ट दाखवली की हाक मारा रे." तप केलं म्हणून ज्याचं डोकं उडवलं तो शंबुक, हे मला फार उशिरा कळलं. एवढे रविवार गेले, हाक मारायची वेळ आली नाही.

आणि आईचा तांब्या! पितळेचा, लखलखीत. घरून भरून आणायची. चाळीस माणसं, पंख्याविना खोली. मजल्याची तहान भागवणारी माझी आई. हे तर देखाव्यात हवंच. मूर्तिकार मनूला सांगतो, आईच्या पुतळ्याचा हात मोटरीवर हलला पाहिजे, पोराच्या ओंजळीत पाणी ओतताना.

लिहिताना डोळे भरून आले. गेली सहा वर्षं आई नाही.

९ जुलै, बुधवार

मनूचा फोन. पदराचा रंग विचारत होता. सांगितलं, विटका हिरवा. तिच्याकडे दुसरी बरी साडी होतीच कुठे.

१७ जुलै, गुरुवार

कमिटीशी भांडून आलो. एक जण म्हणतो, "जयवंतदादा, भिंतीवर रामाचा फोटो लावूया. विषयाला शोभतो. हे दुसरे फोटो कशाला, उगाच चर्चा होते."

मी म्हटलं, "खोली कुणाची होती?"

"कुणाची का असेना. आपण जनरल चाळ दाखवतोय."

जनरल चाळ! म्हणजे झाडाला झुंबर लावणारे इथेही आहेतच. सांगितलं, फोटो बदलला तर निवेदन दुसऱ्याकडून लिहून घ्या, आणि कागद घेऊन चालता झालो. जिन्यापर्यंत विनीत मागे धावत आला. "बाबा, थांबा. फोटो तेच राहतील. मी बघतो."

जिंकलो! विकासला फोन केला, म्हटलं, "काकींना दर्शनाला नाही, देखाव्याला आण. त्यांचं घर दाखवतोय." तो म्हणाला, "आधी घरी ये. आयेला वाचून दाखव."

रात्री जेवण छान गेलं. स्वतःवर इतका खूश मी बऱ्याच दिवसांत नव्हतो.

२७ जुलै, रविवार

विकासकडे गेलो, नायगावला. तो आता शाळेत हेडमास्तर. काकी ब्याऐंशीच्या. खाली बसून मेथी निवडत होत्या. "ये रं जयवंता. लई जाड झालास."

वाचायला लागलो. निळ्या रामाला हसल्या. अँटेनाला हसल्या. काकांच्या पेपरपाशी जरा थांबल्या, "हां, तसंच बसायचे," म्हणाल्या. मग तांब्याचा परिच्छेद आला. मी आवाज चढवून वाचला, मजल्याची तहान वगैरे.

काकींचे हात थांबले.

"मजल्याची न्हाई रं बाळा. तुमच्या घरापुरताच असायचा तो."

मला कळेना.

"आमच्यात माठ होता की. रविवारी दहा गिलास घासून माठाजवळ मांडायची मी. तुम्ही सगळी उठून गेलात की गिलास कोरडेच. तसेच उचलून फळीवर." मग लगेच, "रागानं न्हाई सांगत. तू खरं लिव्हायचं म्हणतोस म्हणून."

विकास खिडकीबाहेर बघत होता. त्याला नवीन काहीच नव्हतं त्यात.

मी विचारलं, "मग काकी, दार का उघडायचात?"

"पोरं यायची ना. आणि हे म्हणायचे, येऊ दे, आज उंबऱ्याच्या आत आलीत, उद्या माठापाशी येतील."

मी म्हटलं, "तांब्या काढून टाकतो."

"काढू नको. होता तो. कशापायी होता, तेवढं सांग. तुला तर आठवत असंल सगळं." माझ्याकडे बघत राहिल्या. "सांगणार असलास तर बघायला येते मी. न्हाईतर गुडघे दुखतात माझे."

"सांगतो काकी. शब्द."

२८ जुलै, सोमवार

ऑफिसला गेलो. आलो. लिहवत नाही.

३ ऑगस्ट, रविवार

काकींनी सांगितल्यावर मला कळलं, असं नाही. मला माहीत होतं. तेरा वर्षांचं पोर काही आंधळं नसतं. निघताना आई दारात पदर खोचून म्हणायची, "तेंच्याकडे पानी मागू नको हां." दर रविवारी. आणि मी विकासकडे खेळता खेळता तहान लागली की "आलोच रे" म्हणून घरी पळायचो. तो कधी विचारायचा नाही का पळतोस. तोही आमच्याकडे यायचा, दारातच उभा राहायचा. आत ये असं मी एकदाही म्हटलेलं आठवत नाही.

मग चाळीस वर्षांत त्या तांब्याचं प्रेम कधी झालं? मीच केलं. सांगत सांगत केलं. विनीतला सांगितलं, मेघनाला सांगितलं, आईच्या तेराव्याला चारचौघांत सांगितलं. सगळे रडले होते.

आई वाईट नव्हती, हे वाक्य आत्ता तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं. संपात तिने पापड लाटून पाच जणांना जगवलं. हात सोलून निघायचे. तेही खरं आणि हेही खरं. दोन्ही एकाच बाईचं.

आणखी एक आठवतंय. ते इथे लिहीत नाही.

१० ऑगस्ट, रविवार

मनूकडे जाऊन पुतळा बदलून घेतला. आता आई पाणी ओतत नाही. तांब्या तिच्या मांडीजवळ, वर फुलपात्र उपडं. कोपऱ्यात माठ आणि दहा ग्लास, कोरडे. मनू म्हणाला, "मग हलतंय काय ह्यात?" मी म्हटलं, "काही नाही हलत." तो नाराज.

निवेदनात दोन वाक्यं घातली. दोनच. पहिलं आईचं, ते बसल्या बसल्या झालं. दुसऱ्याला चार दिवस लागले.

मेघनाने वाचलं आणि कागद खाली ठेवला. "सासूबाईंचं नाव असं स्पीकरवरून? चार गल्ल्यांत? त्या उत्तर द्यायला आहेत का इथे?" मग कागद पुन्हा उचलून, "दुसरं वाक्य खरं आहे?" मी हो म्हटलं. ती भाजी बघायला आत गेली.

विनीत म्हणाला, "बाबा, कमिटीला मी सांभाळतो. तुम्ही फक्त वाचा."

१९ ऑगस्ट, मंगळवार

रेकॉर्डिंग झालं, दादरच्या स्टुडिओत. विनीत सोबत. एका दमात वाचलं. रेकॉर्डिस्ट म्हणाला, "काका, आवाज अजून आहे हां." सुटलो एकदाचा.

२७ ऑगस्ट, बुधवार

बाप्पा बसले. पहिल्या दिवसापासून काळाचौकीच्या नाक्यापर्यंत रांग! लोक निळा टीव्ही बघून वेडे होतात. म्हाताऱ्या बायका बघता बघता हात जोडतात, देवाला की टीव्हीला, देव जाणे. एक बाई रडत म्हणाली, "आमची पण अशीच खोली होती हो."

विकासचा फोन. परवा काकींना घेऊन येतोय.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

काकी आल्या. विकासचा हात धरून, पांढऱ्या साडीत. पोरांनी रांग थांबवून खुर्ची दिली. मी शेजारी उभा. पडदा सरकला, काकींनी फोटोंकडे बघितलं आणि हात जोडले. अँटेना झाली, निळा राम झाला, काकांचा पेपर झाला. मग प्रकाश माठावर आला. तांब्यावर आला.

आणि शंख वाजला! नुसता शंख. दोन्ही वाक्यं गायब!! तिथून थेट "असे ते दिवस, अशी ती माणसं."

मागून एक जण बायकोला म्हणाला, "बघ, किती प्रेम होतं. दोन दोन घरचं पाणी."

काकी उठल्या. म्हणाल्या, "खोली बरीक हुबेहूब केलीस रं." विकास पुढे होऊन टॅक्सी थांबवायला गेला. टॅक्सीत बसताना काकींनी माझ्या हातावर थोपटलं, ते जास्त लागलं.

कापलं! पोराने कापलं! कमिटीला घाबरला असणार. तसाच मांडवात गेलो आणि सगळ्यांसमोर झाडला त्याला. "बापाचा शब्द गेला तुझ्यामुळे! झुंबरवाल्यांत आणि तुझ्यात फरक काय?" तो उभा राहिला खाली बघत. वीस पोरं बघत होती. एकाने मध्ये काही म्हणायला तोंड उघडलं, तर विनीतनेच त्याला हाताने थांबवलं.

३१ ऑगस्ट, रविवार

विनीतने काही कापलेलं नाही. परवाचं पान खोटं आहे. ही वही माझ्याशिवाय कुणी वाचत नाही, तरी इथेही खोटं लिहिलं.

स्टुडिओत ती दोन वाक्यं मीच सोडली. काचेपलीकडून पोराने कागदावर बोट ठेवून खूण केली, राहिलं. मी हात हलवला, चालू दे. म्हणून त्याने तिथे शंख टाकला.

आईचं वाक्य वाचता आलं असतं. दुसरं नाही आलं. त्यात सांगायचं होतं ते असं: एका रविवारी आई तांब्या विसरली. मे महिना होता. काकींनी माठातून ग्लास भरून पुढे केला आणि आईने हात पुढे केला. खरंच केला. "थांब आई, तांब्या आणतो," असं ओरडत धावलो तो मी.

एवढी वर्षं मनातल्या मनात ते आईवर घातलं. परवा पोरावर.