जुन्या मशीनचं नाव

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी प्रोग्राममधल्या फंक्शनला नाव देताना माझा हात अडखळतो तो तुमच्यामुळेच. नागपूरच्या त्या तापलेल्या कॉम्प्युटर लॅबमध्ये मी जुन्या आणि नव्या प्रिंटरसाठी दोन फंक्शन लिहिली होती, एकाचं नाव 'ओल्ड', दुसऱ्याचं 'न्यू'. तुम्ही मला वर्गासमोर उभं केलंत. "न्यू किती दिवस न्यू राहणार रे? त्याचं वय कशाला लिहितोस? तो काय करू शकतो ते लिही!" पोरं फिदीफिदी हसली. मी दिवसभर धुमसत होतो, पण तेव्हापासून नावं तुमच्याच पद्धतीने देत आलो.

आता मी अमेरिकेत, चँडलरमध्ये कानाच्या मशीनचं फोनवरचं ॲप लिहितो. आमच्या जुन्या मशीनचा फक्त आवाज कमी-जास्त करता येतो, हल्लीच्या मशीनचं बरंच काही बदलता येतं. मी फंक्शनची नावंही तशीच ठेवली होती, 'फक्त आवाज' आणि 'सगळं'. गेल्या आठवड्यात आमची टीम लीड, इथेच जन्मलेली मराठी मुलगी, माझ्या खुर्चीशी येऊन उभी राहिली. "काका, जस्ट कॉल इट लेगसी. तसं नाव असलं की पुढच्या रिलीजला डिलीट करायला इझी." मी म्हणालो, "अगं, ती मशिनं अजून लोकांच्या कानात आहेत." "आय नो, काका." तिलाही वाईट वाटत होतं, पण जुन्या मशीनचा सपोर्ट बंद करायचा निर्णय वरून आलेला. लेगसी म्हणजे मागच्या जमान्यातलं; तसं म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही, एवढीच त्या शब्दाची सोय. मी मेल लिहिले, मीटिंगमध्ये आवाज चढवला, सगळं पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मुकाट्याने नाव बदललं.

शेजारच्या काकूंच्या कानात तेच जुनं मशीन आहे. त्याला बटण नाही. नव्या अपडेटनंतर ॲप त्याला ओळखच दाखवणार नाही, मग आवाज वाढवायचा कसा? काल भर उन्हात त्या ड्राइव्हवेवर थांबून हौसेने विचारत होत्या, "तुमच्या ॲपचं अपडेट येतंय म्हणे. आता नातीचं बोलणं नीट ऐकू येईल ना हो?"

हे पत्र पाठवायचं नाही, पाठवणार तरी कुठे? म्हणून तुम्हाला सांगतो. मी नुसती मान डोलावली, सर. खरं बोललो असतो तर त्यांना ऐकू आलं असतं.